रात्री अडीचचा फोन: सर आणि रेसिडेंट यांच्यातला विश्वास कसा बांधायचा

जेआर-१, म्हणजे पहिल्या वर्षाचा ज्युनियर रेसिडेंट, म्हणून पहिल्याच महिन्यात मी माझ्या सरांना रात्री अडीचला फोन केला होता. डायबेटिक कीटोॲसिडोसिसची पेशंट होती, पोटॅशियम ३.१. इन्सुलिनचं ड्रिप सुरू करू की थांबू, एवढंच विचारायचं होतं. पलीकडून आवाज आला, "एवढं पण येत नाही? वाच जरा." आणि फोन कट. उत्तर पुस्तकात होतं, हे खरंच. तेव्हाचा नियम: ३.३ च्या खाली असेल तर आधी पोटॅशियम द्यायचं, मग इन्सुलिन. मी वाचलं, दिलं, पेशंट सुधारली. पण त्या रात्री मी आणखी एक गोष्ट शिकलो: यांना फोन करायचा नाही.

तीन आठवड्यांनी, ऐन पावसाळ्यात, उमरेडकडचा बावीस वर्षांचा मजूर पहाटे तीनला आला. सोबत आई. "पोटात लय दुखून राहिलं जी त्याच्या, मघापासून तडफडून राहिला." पोट मऊ, बीपी ठीक. मी पित्ताचं इंजेक्शन दिलं, सर्जरीला कॉल पाठवला. त्याच्या पापण्या जड वाटल्या, पण पहाटे तीनला कोणाच्या नसतात? फोन हातात घेतला, सरांचं नाव काढलं, परत खिशात टाकला. सातला सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, हा डोळे उघडून नाही राहिला." रात्री घरी खाली जमिनीवर झोपला होता. चाव्याची खूण नाही, सूज नाही. मण्यार चावला होता, पापण्या त्याच्या विषाने जड झाल्या होत्या. वेळेत श्वासाची ट्यूब पडली म्हणून वाचला. सहाव्या दिवशी व्हेंटिलेटरवरून निघाला. राउंडला सरांनी विचारलं, "मला फोन का नाही केलास?" मी खाली बघत राहिलो.

आता त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला मी असतो. हा लेख माझ्यासारख्या युनिट चालवणाऱ्यांसाठी आहे, आणि यंदा ॲप्रन घालून वॉर्डात उभ्या राहिलेल्या नव्या पोरापोरींसाठीही. कामाचं सांगतो, तत्त्वज्ञान कमी.

आधी एक गोष्ट मान्य करा

मेडिकल असो, मेयो असो की मिहानातलं एम्स, नागपुरात रात्री पेशंटजवळ उभा असतो तो रेसिडेंट. पेशंट गडचिरोलीहून येतो, गोंदियाहून येतो, बालाघाट-छिंदवाड्याहून येतो, कधी चार-पाच तास गाडीत काढून. त्याला पहिला हात लावतो तो वर्षभरापूर्वी इंटर्न असलेला मुलगा. सरांचा अनुभव त्याच्यापर्यंत पोचायचा मार्ग एकच, त्या मुलाचं तोंड उघडणं. ते उघडं ठेवणं हे सरांचं काम आहे, मुलाचं नंतर.

पहिला आठवडा: अर्धा तास, खुर्चीवर बसून

कॉरिडॉरमध्ये चालता चालता "कुठचा रे तू?" याला ओळख म्हणत नाहीत. प्रत्येक नव्या जेआरबरोबर अर्धा तास केबिनमध्ये बसा, फोन पालथा ठेवा. विचारायचं ते असं: इंटर्नशिपमध्ये हाताने काय केलंस, नुसतं पाहिलंस काय, आणि भीती कशाची वाटते? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण "कशाचीच नाही सर" म्हणतात. मग तुम्ही आधी स्वतःची सांगा. मी माझी सांगतो, पोटदुखीची. त्यानंतर हळूच येतं, "सर, मी एकट्याने कधी डेथ डिक्लेअर केली नाही." "सर, लहान मुलांना आयव्ही लावायला जमत नाही." हे पहिल्या आठवड्यात कळलेलं बरं.

भाषाही विचारा. सरकारी कॉलेजातल्या पीजीच्या निम्म्या जागा ऑल इंडिया कोट्यातून भरतात, त्यामुळे केरळची मुलगी किंवा राजस्थानचा मुलगा थेट आपल्या वऱ्हाडी-झाडी बोलणाऱ्या पेशंटसमोर उभा राहतो. "जीव घाबरून राहिला", "कसंतरीच होऊन राहिलं", "हातापायात मुंग्या येऊन राहिल्या" यातलं घाम फुटलेल्या हार्ट अटॅकचं वाक्य कोणतं, हे त्याला कसं कळावं? आमच्या युनिटमध्ये वॉर्डातल्या एका मावशींनी अशी पंचवीस-तीस वाक्यं सांगितली, आम्ही ती हिंदीत अर्थासह लिहून ड्युटी रूममध्ये लावली. त्या कागदाखाली मावशींचं नाव आहे. तो कागद माझ्या कुठल्याही लेक्चरपेक्षा जास्त वाचला गेलाय.

त्याच बैठकीत दुसरा कागद द्या, फोन करायचाच अशा प्रसंगांचा. "गरज वाटली तर फोन कर" हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण गरज ठरवायची जबाबदारी ते सगळ्यात अननुभवी माणसावर टाकतं आणि चुकीचं ठरवलं तर शिवीही त्यालाच. आमचा कागद असा आहे. वरचं बीपी ९० च्या खाली. ऑक्सिजन लावूनही सॅच्युरेशन घसरतंय. शुद्ध आधीपेक्षा कमी झाली. नवा लकवा, नवी फिट. रक्त चढवताना थंडी-ताप. व्हेंटिलेटर लागेल असं वाटतंय. अनपेक्षित मृत्यू. नातेवाईक पेशंट घेऊन निघालेत, किंवा आवाज चढलाय. कुठलीही प्रोसिजर आयुष्यात पहिल्यांदा करणार आहात. आणि शेवटची ओळ ठळक अक्षरात: *काहीतरी बरोबर नाही असं वाटतंय, पण काय ते सांगता येत नाही.*

माझ्या उमरेडच्या पोराला त्या शेवटच्या ओळीचीच गरज होती. कागदावर युनिट हेडची सही हवी. सही असली की जेआरला फोन करायला धाडस लागत नाही, तो फक्त नियम पाळत असतो.

हात पाहिल्याशिवाय हात सोडू नका

"पोरगा हुशार आहे, जमेल त्याला." सगळ्यात महाग पडणारं वाक्य हेच. हुशार म्हणजे काय, तर राउंडला उत्तरं फटाफट देतो. त्याने लंबर पंक्चर कसं केलं हे कोणी पाहिलेलंच नसतं. उलट, उत्तर देताना अडखळणाऱ्या मुलीचा हात इतका सफाईदार असतो की आपणच लाजावं.

विश्वास माणसावर सरसकट ठेवायचा नसतो, एकेका कामापुरता ठेवायचा असतो. नेदरलँड्सचे वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ ओले टेन केट यांनी २००५ साली हीच कल्पना मांडली, आणि त्यातून आलेल्या पाच पायऱ्या आज जगभर वापरल्या जातात. पहिली, नुसतं बघायचं. दुसरी, करायचं, पण वरिष्ठ शेजारी उभा. तिसरी, एकट्याने करायचं, पण हाक मारली की वरिष्ठ लगेच येईल असा. चौथी, एकट्याने करायचं आणि नंतर कळवायचं. पाचवी, दुसऱ्याला शिकवायचं.

वापरायची कशी? मोठ्याने बोलून. "सेंट्रल लाइनला तू दोनवर आहेस. अजून तीन माझ्यासमोर कर, नीट झाल्या तर तीनवर." एवढं बोललात की मुलाला कळतं आपण कुठे आहोत आणि पुढे जायला काय लागेल. न बोलता रोखलं तर त्याला वाटतं सरांचा राग आहे. न बोलता सोडलं तर वाटतं सरांना फिकीर नाही. दोन्हींत तुमचा हेतू चांगला असू शकतो, पण तो त्याला दिसत नाही.

नातेवाईकांना वाईट बातमी सांगणं हेही याच यादीत घ्या. ते आपण कोणालाच शिकवत नाही. जेआर-१ ला पहाटे चारला पंधरा नातेवाइकांसमोर ढकलतो आणि बाचाबाची झाली की म्हणतो, "कम्युनिकेशन स्किल नाही." आधी त्याला तुमच्यासोबत पाच वेळा उभं करा. बसून सांगायचं, पेशंटचं नाव घेऊन सांगायचं, "गेले" हा शब्द स्पष्ट वापरायचा, मग गप्प राहायचं. गप्प राहणं सगळ्यात अवघड, ते पाहूनच येतं.

नोंद कुठे ठेवायची? लॉगबुकात. हो, तेच लॉगबुक, जे तिसऱ्या वर्षाच्या शेवटी एका रात्रीत तीन रंगांच्या पेनांनी भरलं जातं. मीही तसंच भरलं होतं. आता आठवड्याला दोन ओळी लिहायला लावतो आणि शनिवारी सही करतो. दोनच ओळी, पण त्या आठवड्याच्या.

फोन: करणाऱ्याने काय बोलायचं

झोपेतून उठलेल्या माणसाला गोष्ट पहिल्यापासून सांगायची नसते. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवर निघालेली आणि मग हॉस्पिटलांत रुळलेली एक पद्धत आहे, चार भागांची: आत्ता काय झालंय, मागची पार्श्वभूमी, मला काय वाटतं, मला काय हवंय. आपल्या वॉर्डात ती अशी ऐकू येते:

"सर, मेल वॉर्डातून बोलतेय. बेड बाराचं सॅच्युरेशन ९६ वरून ८९ वर आलंय, छातीत दुखतंय, ताप १०१. एकोणीस वर्षांचा सिकलचा पेशंट, परवा क्रायसिसने ॲडमिट झालेला, गडचिरोलीचा. मला ॲक्युट चेस्ट सिंड्रोम वाटतोय. ऑक्सिजन लावलाय, एक्स-रे सांगितलाय, ब्लड बँकेत सॅम्पल पाठवलंय. अँटिबायोटिक सुरू करू का, आणि तुम्ही बघायला येऊ शकाल का?"

अर्धा मिनिट. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे म्हणून हे उदाहरण घेतलं. इथे राहायचं तर हा फोन कधी ना कधी करावाच लागतो. "मला वाटतोय" हा भाग गाळू नका. चुकला तरी चालेल. सरांना त्यावरून तुमचा विचार दिसतो, आणि विचार दिसला की विश्वास बसायला सुरुवात होते. शेवटचा प्रश्न सरळ विचारा. "पाहून घेतलं तर बरं होईल असं वाटतंय सर, म्हणजे तसं काही नाही..." अशाने सर झोपतील.

केस पेपर हातात घेऊन फोन करा. "युरीन आउटपुट किती?" याला "बघतो सर" पेक्षा "मोजलं नाही सर, आता मोजायला लावतो" हे कितीतरी चांगलं.

फोन: घेणाऱ्याने काय बोलायचं

पहिलं वाक्य ठरवून ठेवा. माझं आहे, "बरं केलंस फोन केलास, बोल." झोपेत असलो, चिडलेलो असलो, प्रश्न फालतू असला तरी हेच. पाठच केलंय म्हणा ना. फालतू प्रश्नाचं जे काही करायचं ते दुसऱ्या दिवशी, चहा पिताना. दोन मुलं तुमचा फोनवरचा आवाज ऐकतात, पाच मुलं हॉस्टेलच्या मेसमध्ये त्याची नक्कल ऐकतात, आणि मग अख्खी बॅच फोन करायचा की नाही ते ठरवते.

दुसरं, "तुला काय वाटतं?" पण परीक्षेच्या सुरात नको. तिसरं, फोन ठेवण्याआधी पुढचं ठरवा: मी येतोय, किंवा येत नाही, कारण अमुक, पण तासाभराने मला रिपोर्ट सांग. "ठीक आहे, बघ" म्हणून ठेवलेला फोन हा न घेतलेल्या फोनसारखाच.

आणि जा. दर वेळी नाही, पण जा. ॲडमिशन डेच्या रात्री कधीतरी न बोलावता अकराला एक चक्कर टाका. तपासायला म्हणून नाही. कॅज्युअल्टीत पाच मिनिटं उभे राहा, एखादी आयव्ही लावा. वॉर्डबॉय मामा खुर्ची पुढे करतील, बसू नका.

राउंड

राउंडला "फायर" मिळणं, म्हणजे सगळ्यांसमोर झापलं जाणं, हा आपल्याकडे संस्कार समजला जातो. आम्हाला मिळाली म्हणून आम्ही घडलो, असं सांगणारे बरेच. असतीलही. पण बेडशेजारी एक साधा हिशेब चुकतो. तुम्ही पेशंटसमोर म्हणता, "तुला काहीच येत नाही." पेशंटची बायको ते ऐकते. संध्याकाळी तोच जेआर सुई घेऊन येतो, ती म्हणते, "मोठ्या डॉक्टरले बोलवा जी." रात्रभर तुमच्या नावाने त्या वॉर्डात काम कोण करणार होतं?

बेडशेजारी शिकवायची एक जुनी, पाच टप्प्यांची पद्धत १९९२ पासून वापरात आहे आणि तिला मिनिटभरच लागतं. आधी त्याचं निदान विचारा. मग, कशावरून? मग त्यातून निघणारा एकच नियम शिकवा. काय बरोबर केलं ते नेमकं सांगा. काय चुकलं ते सांगा. क्रम महत्त्वाचा. "छान" म्हणू नका, "लिव्हर वाढलंय हे तू पकडलंस" म्हणा. चुकीबद्दलचं जे तिखट असेल ते ड्युटी रूममध्ये, दार लावून.

चूक झाली तर

संशोधक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत औषधांच्या चुका मोजल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. निघालं उलटं: चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त. ती माणसं जास्त चुकत नव्हती, जास्त सांगत होती. ज्या युनिटमध्ये वर्षभर एकही चूक कानावर आली नाही तिथल्या सरांनी खूश होण्याआधी हे आठवावं.

त्याच दिवशी पंधरा मिनिटं बसा. प्रश्नांचा क्रम असा ठेवा: काय झालं? त्या क्षणी तुला काय दिसत होतं? काय दिसायला हवं होतं? आणि युनिटमुळे काय चुकलं, म्हणजे माणसं कमी होती का, मॉनिटर बंद होता का, हँडओव्हर तोंडी झाला होता का? "का केलंस?" हा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर नेहमी "सॉरी सर" असतं.

पण चूक वेगळी आणि खोटं वेगळं. रात्री न मोजलेलं बीपी सकाळी १२०/८० लिहिणं, न पाहिलेला एक्स-रे "नॉर्मल" सांगणं, याला पाय घसरणं म्हणत नाहीत. हा फरक पहिल्याच बैठकीत सांगून ठेवा: चुकलास तर तुझ्यासोबत उभा राहीन, खोटा आकडा लिहिलास तर नाही. आणि जेआरनो, तुमच्याकडची सगळ्यात मौल्यवान तीन वाक्यं ऐका. "माहीत नाही सर." "बघितलं नाही सर." "माझ्याकडून राहिलं सर." ही बोलणाऱ्याचा बाकीचा प्रत्येक शब्द मी तपासल्याशिवाय खरा धरतो.

मधली शिडी

विश्वास तुटतो तो बहुतेक सर आणि जेआर-१ यांच्यात नाही, जेआर-३ आणि जेआर-१ यांच्यात. "मला न विचारता सरांना फोन केलास?" या एका वाक्याने वरचा सगळा कागद फुकट जातो. म्हणून नियम सगळ्यांसमोर सांगा: कागदावरच्या प्रसंगात जेआर-१ थेट फोन करू शकतो, सीनियरला सोबतच कळवायचं. आणि सीनियरचाही मान ठेवा, त्याला पाचव्या पायरीवर नेऊन शिकवायचं काम द्या. ज्याला शिकवायला मिळतं तो सहसा छळत नाही. छळत असेल तर तो शिस्तीचा भाग नाही. राज्यात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, वैद्यकीय कॉलेजांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे वेगळे नियम २०२१ चे आहेत.

सुट्टी, झोप, थिसिस

हे छोटं प्रकरण वाटतं, पण मुलं सरांना यावरच तोलतात. २०२३ च्या पीजी नियमांत वर्षाला किमान २० दिवस पगारी रजा, आठवड्याची सुट्टी आणि वाजवी ड्युटी लिहिलेली आहे. २०२४ साली आयोगाच्या मानसिक आरोग्याच्या कार्यदलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. आपल्या वॉर्डातलं रोस्टर आपल्याला माहीत आहे. सगळं तुमच्या हातात नाही, पण रजेचा अर्ज तीन दिवस टेबलावर न ठेवणं हातात आहे. छत्तीस तास झालेल्या मुलाला "घरी जा, हँडओव्हर मी घेतो" म्हणणंही.

थिसिसबद्दल एकच: तारीख दिलीत तर पाळा. चॅप्टर महिनाभर न वाचता ठेवणारे सर वेळेवर येण्याबद्दल बोलले की मुलं मनात हसतात.

तीन महिन्यांच्या जिल्हा रेसिडेन्सीला मूल भंडाऱ्याला किंवा गडचिरोलीला गेलं की आपण त्याला विसरतो. पंधरवड्यातून एकदा तुम्हीच फोन करा. तिथे त्याने एकट्याने बरंच केलेलं असतं. परत आल्यावर त्याच्या पायऱ्या नव्याने ठरवा.

विश्वास तुटलाच तर

पायरी खाली आणायची असेल तर सांगून आणा, आणि मुदत घालून. "पुढचे दोन आठवडे प्रोसिजर माझ्यासमोर, मग परत बोलू." मुदत नसलेला अविश्वास हा शिक्का होतो, तो हॉस्टेलपर्यंत आणि पुढच्या पोस्टिंगपर्यंत जातो. तुमची चूक असेल तर माफी मागा, जिथे झापलं तिथेच, तेवढ्याच लोकांसमोर.

चांगलं काम करणारं मूल अचानक उशिरा येऊ लागलं, फोन उचलेनासं झालं, तर आधी शिस्त आठवू नका. जेवतोस का, झोपतोस का, घरी काय चाललंय, हे विचारा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आमच्या ड्युटी रूममध्ये मावशींच्या कागदाशेजारी लावलाय.

गेल्या जुलैत एका जेआर-१ चा फोन आला, पावणेतीनला. "सर, काही खास नाही, पण पोटदुखीचा एक पेशंट आहे, मला बरोबर वाटून नाही राहिलं." मूळची जयपूरची मुलगी, एव्हाना "वाटून नाही राहिलं" शिकली होती. मी गेलो. आम्ही दोघांनी टॉर्च मारून पापण्या पाहिल्या, वर बघायला लावलं, मान उचलायला लावली, एका श्वासात आकडे मोजायला लावले. पोटदुखी पित्ताचीच निघाली. "सॉरी सर, उगाच उठवलं," ती म्हणाली. बाहेर उजाडत होतं, गेटसमोरच्या ठेल्यावर तर्री उकळत होती. दोन प्लेट पोहे खाऊन मी तसाच राउंडला गेलो.

तीन आठवड्यांनी तिचा पुन्हा फोन आला. या वेळी पहिलं वाक्यच होतं, "सर, या."